महाप्यातला जुना रवा, नवा रवा

गावात परत आल्यापासून पारावर रोज एकच प्रश्न. "दादा, मुंबई बघितली का?" मुंबई बघितली नाही. मुंबईच्या अलीकडं खाडी आहे आणि खाडीच्या अलीकडं नवी मुंबई आहे, ती बघितली. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं. वाचनालयाचे मास्तर म्हणाले, "लिहून द्या, अंकात छापतो." माझी शाळा चौथीला सुटली हे मास्तरांना ठाऊक आहे. ते म्हणाले, "शुद्धलेखन मी बघतो. तुम्ही फक्त खोटं लिहू नका." खोटं लिहायला अक्कल लागते. ती माझ्यापाशी असती तर चौथीच्या पुढं गेलो नसतो का?

कळंबोली

एस.टी.चा प्रवास सांगत नाही. बसलो, झोपलो, उतरलो.

उतरलो तिथं जिकडं बघावं तिकडं लोखंड. सळ्या, पत्रे, पत्र्यांच्या गुंडाळ्या, एकेक गुंडाळी आमच्या खिलाऱ्याएवढी. आणि ट्रक. आपल्या पोळ्याला बैल उभे करतात तसे ओळीनं उभे, शिंगं रंगवल्यासारखी समोरची पाटी रंगवलेली, गळ्यात लिंबू-मिरची. माझा मुलगा संपत तिथंच एका ट्रान्सपोर्टच्या हापिसात कामाला आहे. माल कुठून आला, कुठं गेला, हे बघायचं त्याचं काम.

"दादा, रोडावलात," तो म्हणाला.

"मी थापलेली भाकरी तू खाल्ली नाहीस अजून. कुत्रं वास घेतं आणि विचार करत बसतं."

तो हसला नाही. त्याची आई हौसा मार्गशीर्षात गेली. मी गेलो होतो माघात. इतक्या लवकर हसायचं की नाही, हे मुलांना कळत नाही. मला विचाराल तर हसावं. न हसून ती परत येणार आहे का?

ट्रकवाल्यांच्या धाब्यावर जेवलो. बाजेवर बसायचं, बाजेवरच आडवी फळी, फळीवर ताट. डाळीत लोणी तरंगत होतं. कांदा विळीवर चिरत नाहीत, बुक्कीनं फोडतात. समोर बसलेल्या सरदारजीनं माझा कांदा मला फोडून दिला आणि हिंदीत काहीतरी विचारलं. मी "हो" म्हणालो. त्यानं माझ्या ताटात आणखी दोन रोट्या टाकल्या. म्हणून सांगतो, परमुलखात "हो" म्हणावं. नुकसान होत नाही.

कोपरखैरणे

संपतचं घर इथं. घरं कशी म्हणाल, तर काड्यापेट्या एकीला एक चिकटवून ठेवल्यात. इकडच्या घरात शिंकलं तर पलीकडून "जियो" येतं. मला वाटलं होतं परकी माणसं असतील. कसलं काय! अर्धा सातारा नि पाव सांगली तिथंच राहते. बाजारात पाठीवर पोती वाहणारी माणसं सगळी आपलीच. समोरच्या दारातली बाई आपल्याकडच्या पिंपळवाडीची निघाली आणि तिनं पहिल्याच दिवशी मला ठेचा आणून दिला.

एक गोष्ट मात्र पटली नाही. संडास घरात, आणि तोही स्वयंपाकघराला लागून. संपतला म्हटलं, "एका भिंतीच्या अलीकडं आत टाकायचं आणि पलीकडं बाहेर काढायचं, ही कुठली रीत?"

"सवय होते दादा."

झाली. दुसऱ्या दिवशी झाली. रात्री ओढ्याला जायची कटकट नाही. मी कुणाला सांगितलं नाही, एवढंच.

आता सूनबाई. उज्ज्वला तिचं नाव. सोळा इयत्ता शिकलेली, महाप्याला औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला. मला मामा म्हणते. माझ्यासमोर आली की पदर घ्यायला हात वर जातो आणि अंगावर असतो पंजाबी ड्रेस, मग ओढणीच डोक्यावर ओढते. मी म्हटलं, "अगं, राहू दे. त्या ओढणीनं एक दिवस आमटी ढवळशील." पण ऐकत नाही.

पहिल्या संध्याकाळी ती कामावरून आली ती तोंड सुकवूनच. आम्हाला वाढलं, स्वतः दोन घास चिवडले. जेवणं झाल्यावर मी पिशवीतून पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं.

"हे घे. हौसाच्या छातीच्या गोळ्या. निम्म्या राहिल्यात. महागाची वस्तू आहे, कुणाच्या तरी उपयोगाला येतील."

त्या गोळ्या तिच्याच कारखान्याच्या. कामगारांना स्वस्तात मिळतात, म्हणून तीच संपतबरोबर गावी पाठवायची. तिनं पाकीट उचललं, दिव्याखाली धरलं, मागचे बारीक आकडे वाचले आणि होती तिथं खाली बसली.

"काय झालं?" संपत म्हणाला.

"काही नाही."

"काही नाही म्हणून कुणी असं बसतं का?" मी म्हटलं. "बोल, बाई."

मग ती बोलली. जेवढं मला कळलं तेवढं सांगतो. हे औषध नुसतं असलं तर पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याला आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार करतात. तिकडं सगळे त्याला सॉल्ट म्हणतात. आपल्या आमटीतल्या मिठाचाच तो चुलतभाऊ. मोठ्या भांड्यात ते पाणी गरम करून हळूहळू निववायचं, म्हणजे तळाला रवा धरतो. तूप निवताना धरतो तसा. तोच वाळवून त्याच्या गोळ्या.

"इतकी वर्षं एकाच तऱ्हेचा रवा धरत होता, मामा. दसऱ्याच्या सुमाराला अचानक दुसऱ्याच तऱ्हेचा धरायला लागला. औषध तेच. पांढरं ते पांढरंच. चव घेतली तरी कळणार नाही. फक्त आतली रचना बदलली."

"म्हणजे कडब्याच्या गंजीसारखं?" मी म्हटलं. "पेंढ्या त्याच. मोकळी रचली तर हात घातला की पेंढी निघते. दाबून, उलटसुलट रचली तर बैल लावले तरी निघत नाही."

"तसंच. हा नवा रवा दाबून रचल्यासारखा आहे. पाण्याला आत शिरता येत नाही. गोळी पोटात जाते, पण पुरती विरघळत नाही. विरघळली नाही की अंगात उतरत नाही."

"मग पुन्हा जुना धरायला लावा की."

"धरत नाही ना! तेच टेन्शन आहे. नव्याचा एक कण कुठं राहिला तरी तो विरजणासारखं काम करतो. सगळं भांडंच नव्याच्या बाजूला जातं. भांडी धुतली, खोल्या धुतल्या, बाजारात गेलेला माल परत मागवला. तरी नवाच येतोय."

मी पाकिटाकडं बघितलं.

"आणि ह्या गोळ्या?"

"दसऱ्याच्याच महिन्यातल्या आहेत. महिना छापलाय, दिवस नाही."

हौसा रोज सकाळी गोळी घ्यायची. चहाच्या आधी, तुळशीकडं तोंड करून. आणि तरी तिच्या पायांवरची सूज वर वर चढतच गेली.

"कारखान्यातून निघताना माल तपासला होता, मामा. तेव्हा बरोबर होता. पण नव्याचा कण आत राहून गेला असेल, तर उष्म्यानं, दमटपणानं पाकिटातल्या पाकिटातसुद्धा रवा पालटू शकतो. दहाव्याला आले तेव्हाच उरलेल्या गोळ्या मागणार होते. धीर झाला नाही."

दहाव्याला हौसाच्या भावानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "कंपनीचा उरलेला माल सासूच्या गळ्यात मारला." मी त्याला तिथंच गप्प केला होता. आता तो माझ्याच डोक्यात बोलायला लागला.

"तपास," मी म्हटलं.

"आणि वाईट निघालं तर?"

"तर वाईट सांग. गोड बोलणारी माणसं मला गावात रग्गड आहेत."

"मी लपवणार नाही, मामा."

"म्हणून तर तुला सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं का?"

संपत मधेच म्हणाला, "दादा, कशाला? आई काय परत..." आम्ही दोघांनी एकदमच त्याच्याकडं बघितलं. तो पाणी प्यायला गेला.

उलवे

साहेबांची परवानगी हवी, यंत्र मोकळं हवं, म्हणून दोन-तीन दिवस जाणार होते. घरी बसून मी भिंतीशी बोलायला लागेन अशी उज्ज्वलाला धास्ती. तिनं कारखान्यातल्या म्हात्र्यांना माझ्या मागं लावलं. म्हात्रे म्हणजे तिथलं मोठं भांडं चालवणारे. पन्नाशीचे, मूळचे महापे गावचेच. त्यांचा भात पिकायचा त्या जमिनीवर आज कारखाना उभा आहे.

"म्हंजे आमचे शेतावर आमीच चाकर!" म्हणाले आणि स्वतःच खदखदून हसले. "बसा नाना. घट्ट पकरा. पोटाला पकरू नका, गुदगुल्या व्हतात."

त्यांच्या स्कूटरवरून उलव्याला गेलो. तिथं त्यांची बहीण दिलेली. लांबच लांब भातखाचरं, मग खाजण, मग खाडी. गुडघाभर चिखलात हिरवी झुडपं उभी आणि पाणी दिवसातून दोनदा येतं नि दोनदा जातं. आमच्याकडं पाणी एकदा गेलं की वर्षानं तोंड दाखवतं. मी म्हात्र्यांना म्हटलं, "तुमचं पाणी फारच चंचल आहे हो."

"पन येते तरी!" ते म्हणाले.

पाणी ओसरलेलं बघून मी जरा पुढं गेलो. वरून जमीन घट्ट दिसत होती. पहिलं पाऊल बरं पडलं. दुसरं पडलं ते पोटरीपर्यंत. पाय निघाला, वहाण निघाली नाही. म्हात्र्यांनी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. एक खेकडा निघाला, वहाण नाही. कोल्हापुरी होती, करकर वाजणारी.

त्यांची बहीण दारातच उभी. माझा एक पाय काळा नि एक गोरा बघून तोंडाला पदर लावून हसली. "दादूस, पाव्हन्याला जिता आनलास नं? खाजनात रोवून ठेवनार व्हतास काय?"

जेवायला तांदळाची भाकरी. पांढरीधोप, रुमालासारखी मऊ. आपली ज्वारीची भाकरी दातांना काम देते, ही दातांना रजा देते. बरोबर निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा बोटाएवढा मासा, डोळे कपाळावर. मी एकेक काटा काढत बसलो.

"घाटावरचा मानूस हाय," बाई म्हणाली. "निवडून देऊ का नाना, बारक्या पोराला देतात तसा?"

"द्या," मी म्हटलं. लाज कसली? हौसा असती तर तिनं दिले असते निवडून. आणि आधी दोन शिव्या दिल्या असत्या.

परतताना बांधावर बसलो. म्हात्रे एकदम गंभीर झाले.

"नाना, मॅडमनं तुमाला सांगितला काय, त्यो नवा रवा कसा पसरला?"

"विरजणासारखा, म्हणाली."

"त्या इरजनाचा हात ह्यो." त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं. "खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा आसते. ताट माझे हातात. पहिल्या भांड्याला कुंकू लावला, आक्षता टाकल्या, आरती केली. मंग दुसऱ्याला, मंग तिसऱ्याला. बोट त्याच, आक्षता त्याच. पहिल्या भांड्यात तवा नवा रवा धरायला लागलेला, पन कोनाला म्हाईत? मीच त्याला घरोघर जेवाया नेला."

"साहेब काय म्हणाले?"

"साहेब म्हनतात, हवेतनं पन गेला आसंल, कपड्यांनी पन गेला आसंल. मला बरा वाटावा म्हनून म्हनतात." ते खाडीकडं बघत राहिले. "देवाचा काम व्हता, नाना. हात जोरून केला."

त्यांना गोळ्यांचं काही माहीत नव्हतं. मी त्या बोटाकडं बघत बसलो. कुंकू लावणारं बोट, आणि थोड्या वेळापूर्वी माझ्या वहाणेसाठी चिखलात गेलेलं. मनात म्हटलं, वाईट निघालं तर ह्या माणसाला मी काय बोलणार आहे? बोलणार होतो, हे नक्की. चांगलं जोरात बोलणार होतो.

महापे

नव्या वहाणा घेतल्या, कुरकुरतात पण करकरत नाहीत, आणि उज्ज्वलाबरोबर महाप्याला गेलो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या चिमण्या. एका वळणावर बिस्किटांचा वास येतो, दुसऱ्यावर सडक्या अंड्यांचा. उज्ज्वला म्हणाली, "मामा, डोळे मिटूनसुद्धा मला आमचं फाटक सापडेल."

फाटकापाशी शेंदूर लावलेला गणपती. त्याच्या शेजारी पाटी, की पूजेचं साहित्य आत नेऊ नये. खंडेनवमीनंतरची पाटी. आता आरती बाहेरूनच, सगळ्या कारखान्याला मिळून एक.

आत जायचं म्हणजे सोवळ्यालाही मागं टाकील असं. पायात पिशव्या, अंगात पांढरा डगला, डोक्याला कापडी टोपी.

"आजोबा, तुमची टोपी काढा," दारावरचा माणूस म्हणाला.

"ती मी साहेबासमोर काढत नाही आणि देवासमोरही काढत नाही."

"आजोबा, रूल आहे."

उज्ज्वला मधे पडली. माझ्या टोपीवरच त्यांची टोपी चढवली. आरशात बघितलं, तर मी चुलीवर ठेवलेल्या गाडग्यासारखा दिसत होतो. हौसानं हे बघायला हवं होतं.

उज्ज्वलानं आधी दुर्बिणीखाली दोन्ही रवे दाखवले. जुना रवा बाजरीच्या कुसळासारखा, बारीक, लांबट. नवा म्हणजे पापडीचे तुकडे. एकाच औषधाची दोन पोरं, एक बापावर गेलेलं, एक आईवर. गोळीत इतर भुकटीही असते, म्हणून नुसत्या डोळ्यांनी निवाडा होत नाही. त्याला वेगळं यंत्र. ते क्ष-किरण सोडतं, दवाखान्यात हाड मोडल्यावर सोडतात तसले. आतली रचना जशी असेल तशी कागदावर डोंगरांची रांग काढतं.

"जुन्याचे डोंगर वेगळे, नव्याचे वेगळे," ती म्हणाली. तिनं दोन कागद आधीच काढून ठेवले होते. "हा जुना. हा नवा. नव्याला इथं सुरुवातीला एक उंच सुळका आहे. जुन्यात तिथं सपाट माळ. तेवढी जागा बघायची."

मग तिनं हौसाची एक गोळी खलात घातली. घातली आणि बत्ता हातात धरून नुसती उभी राहिली.

"मी कुटू का?" मी विचारलं.

"नको मामा. माझं काम आहे."

तिनं कुटली. तिच्या कपाळावर घाम आला, आणि खोलीत तर गार हवा सोडलेली. मला आतापर्यंत वाटत होतं की जीव माझाच टांगलाय. तिच्याकडं बघितलं तेव्हा कळलं. माझं माणूस गेलं होतं, पण गोळ्या पाठवणारे हात तिचे होते. आयुष्यभर ते हात घेऊन तिला स्वयंपाक करायचा होता.

भुकटी यंत्रात गेली. दारापाशी म्हात्रे येऊन उभे राहिले. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण ते हसत नव्हते आणि हात पाठीमागं होते. यंत्राची लेखणी कागदावर सरकायला लागली. सरकते म्हणजे किती हळू! गोगलगाय परवडली. जिथं सुळका असायचा ती जागा अगदी सुरुवातीलाच होती, तरी तिथवर यायला तिनं अंत बघितला.

लेखणी त्या जागेवर आली. आणि पुढं गेली.

"सपाट आहे," मी म्हटलं.

उज्ज्वलानं सगळी रांग पुरी होऊ दिली. मग हौसाचा कागद जुन्या कागदावर ठेवला, दोन्ही खिडकीला धरले. डोंगरावर डोंगर बसला. भुकटीचे एकदोन किरकोळ उंचवटे जास्त होते. तेवढे असतातच, म्हणाली. तरी तिचं समाधान होईना. दुसरी गोळी काचेच्या भांड्यात, अंगाइतक्या कोमट, पोटातल्यासारख्या आंबट पाण्यात सोडली. वर एक पंखा हळूहळू फिरत होता. गोळी फुगली, फुटली आणि बघता बघता पाण्यात विरून गेली. तिनं पाणी मोजून बघितलं.

"जुनाच रवा आहे, मामा. पालटला नाही. सगळं औषध सुटतंय."

आणि स्टुलावर बसून ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली. म्हात्रे "मॅडम, ओ मॅडम" एवढंच म्हणत होते. त्यांचे हात पुढं आले आणि त्या हातांनी काय करावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी माझीच पाठ थोपटली.

आता मास्तरांनी खोटं लिहू नका म्हटलंय, म्हणून लिहितो. मला आनंद झाला नाही. येताना रस्ताभर मी शिव्या जुळवत आलो होतो. कारखान्याला, यंत्राला, त्या बोटाला. एकेक शिवी घासूनपुसून ठेवली होती. औषधाऐवजी दगड पोटात गेले म्हणून माझी बायको गेली, असं मी आयुष्यभर सांगितलं असतं आणि त्यावर जगलो असतो. ते गेलं. गोळ्या विरघळल्या होत्या. अंगात उतरल्या होत्या. जिथं जायचं तिथं जाऊन त्यांनी त्यांचं काम केलं होतं. आणि तरी हौसा गेली. ह्यात शिवी कुणाला घालायची?

उज्ज्वलानं डोळे पुसले. "मामा, आता बरं वाटतंय ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुला?"

तिनं मान हलवली, वाटतंय म्हणून. लहान पोरीसारखी हलवली.

"मग झालं की. किती दिवस जेवली नाहीस? ऊठ."

म्हात्रे पुढं झाले, दार उघडून धरलं. कँटीनमध्ये वाटाण्याची उसळ होती. फार तिखट, मीठ जरा कमी. उज्ज्वलानं दोनदा मागून घेतली.